मागची बाजू आधी

‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळाचं कार्ड हातात आलं की मी ते आधी उलटं करतो. नवी खेळणारी मुलं चित्राकडे आणि ताकदीच्या आकड्यांकडे धावतात. माझी नजर पाठीवर जाते, मग चार कोपऱ्यांवर, मग कडांवर, आणि पुढची बाजू सगळ्यांत शेवटी. ही सवय मला लावली नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या आमच्या शेजारच्या काकांनी. रेल्वे मेल सर्व्हिसच्या ‘एफ’ डिव्हिजनमधून ते सॉर्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि उभ्या आयुष्यात त्यांनी टपाल तिकिटं जमवली होती. फँटसी कार्डांच्या छंदात मला जे काही कळतं, ते त्यांचं देणं आहे.

आमच्या पिढीला कार्डांचं वेड पोकेमॉनने लावलं. २००३ मध्ये ती मालिका कार्टून नेटवर्कवर सुरू झाली आणि स्टेशनरीच्या दुकानांत पोकेमॉनच्या कार्डांच्या लडी लटकू लागल्या. बहुतेक नकलीच. कागद पातळ, रंग विटके, पण आम्ही ती कंपासपेटीत जपायचो. खरा खेळ मला इंजिनिअरिंगला असताना भेटला. बंगळूरला नोकरी करणाऱ्या आतेभावाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’चा एक डेक आणून दिला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेत आला. आपल्या पत्त्यांमध्ये बावन्न पानं सगळ्यांची सारखीच असतात; इथे प्रत्येकाने आपला डेक आपण बांधून आणायचा. किमान ६० कार्डं, आणि जमिनीची साधी कार्डं सोडली तर एकच कार्ड चारपेक्षा जास्त नाही. म्हणजे खेळायचं तर जमवायला हवं, आणि जमवायचं तर अदलाबदल करायला हवी.

पण करायची कोणाशी? माझ्या ओळखीत तेव्हा नागपुरात हा खेळ खेळणारं कोणी नव्हतं. अदलाबदल व्हायची ती मुंबई, पुणे, बंगळूर इथल्या अनोळखी मंडळींशी, आणि सगळी पोस्टाने. असंच एक पाकीट पोस्टमन चुकून काकांकडे देऊन गेला. ते आणून देताना ते दारातच थांबले. मी कार्ड काढलं, ‘मिंट आहे, अगदी कोरं!’ म्हणून आनंदाने त्यांच्यासमोर धरलं.

“मागून दाखव ना रे आधी,” काका म्हणाले. मग घरी नेऊन त्यांनी ते भिंगाखाली धरलं. पाठीवरच्या गडद किनारीत दोन पांढरे ठिपके होते, आणि एका कोपऱ्याचे थर किंचित सुटले होते. “पुढची बाजू विकणाऱ्याने पुसून ठेवलेली असते बाबू. मागून कसं वापरलं ते समजते.”

तिकिटाचंही ते असंच करायचे. आधी उलटं. डिंक मूळचा आहे की नव्याने लावला, अल्बममध्ये चिकटवायच्या हिंजची खूण आहे का, कडेचा एखादा दात तुटका आहे का, आणि मग चारही बाजूंचा पांढरा समास सारखा आहे का. कार्डांची प्रत ठरवणारे आज मध्य, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग असे चार भाग तपासतात. मला ते कोणत्याही नियमावलीआधी काकांच्या टेबलावर कळले. १९४८च्या १५ ऑगस्टला निघालेल्या गांधी तिकिटांपैकी दीड, साडेतीन आणि बारा आण्याची तीन त्यांच्याकडे होती. दहा रुपयांचं त्यांना कधी परवडलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये छापलेल्या त्या तिकिटांवर छाया कशी उतरली आहे, हे ते मला भिंगातून पुनःपुन्हा दाखवायचे.

नागपूरचा उन्हाळा कागदाचा शत्रू. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क होते, आणि त्यावर उपाय म्हणून आपण खोलीत कूलर लावून ओल आणतो. माझी चकाकणारी फॉइल कार्डं एका आठवड्यात एकीकडे वाकायची, पावसाळ्यात दुसरीकडे. काकांनी कारण लगेच सांगितलं. कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. वरचा चकचकीत थर मात्र तसाच राहतो. मग ओढाताण होणारच. पावसाळ्यात तिकिटांचा डिंक एकमेकांना चिकटू नये म्हणून ते ज्या युक्त्या करत, त्याच त्यांनी मला दिल्या: घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, कपाट कूलरच्या भिंतीपासून लांब, आणि डबा उघडायचा तो कूलर बंद करून. घामाने हात ओले असताना कार्डाला हात लावू दिला नाही.

हे सगळं करून त्यांनी मला संग्रहाचा कोंडवाडा करू दिला नाही. सावंतवाडीहून आणलेला दशावतारी गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा, एक जोड त्यांच्याकडे होता, आणि तो आम्ही खेळायचो. तिथल्या राजवाड्यात राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, नाहीतर ते रंगवणारे हात संपतच आले होते. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. तिघांत चाळीस-चाळीस पानं वाटली जात. तिसऱ्या काकू, आणि कोणती पानं गेली हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाच्याच लक्षात राहत नसे. मत्स्य, कूर्म, नरसिंह हातात धरून बसलेल्या त्या माणसाला मी माझे ड्रॅगन आणि देवदूत समजावले तेव्हा त्याला काहीच परकं वाटलं नाही. सत्तरीत काका मॅजिक शिकले. नियमांचा इंग्रजी मजकूर ते टपालावरच्या पत्त्यासारखा एका नजरेत वाचायचे.

मॅजिकच्या पाठीची गोष्ट त्यांना फार आवडली होती. १९९३ पासून ती पाठ बदललेली नाही, तेव्हापासून राहून गेलेला पेनाचा एक आगंतुक फराटासुद्धा तसाच आहे, कारण जुनी आणि नवी कार्डं एकत्र पिसता आली पाहिजेत. पहिल्या, अल्फा छपाईचे कोपरे मात्र नंतरच्या कार्डांपेक्षा जास्त गोल आहेत, त्यामुळे उघडी कार्डं पिसली तर पाठीवरूनच ओळखू येतात. “म्हणजे आमच्या तिकिटांच्या दातांसारखंच,” काका म्हणाले आणि खूश झाले.

एकदा मी त्यांना होनस वॅग्नरच्या कार्डाची हकिकत सांगितली. १९९१ मध्ये अमेरिकेत पीएसए ही कार्डांची प्रत ठरवणारी कंपनी सुरू झाली. ती कार्ड तपासते, एक ते दहापैकी आकडा देते आणि प्लॅस्टिकच्या कवचात सीलबंद करते. तिने प्रत दिलेलं पहिलंच कार्ड म्हणजे बेसबॉलपटू वॅग्नरचं, १९०९ ते १९११च्या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं. आकडा मिळाला आठ. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने स्वतः कापून सरळ केल्या होत्या.

काका हसले नाहीत. तिकिटांना खोटे दात पाडणारे, डिंक नव्याने लावणारे त्यांनी पाहिले होते. ते उठले, पोलादी पट्टी घेऊन आले आणि म्हणाले, “तुझी सगळी काढ.” त्या दुपारी आम्ही माझी महागातली कार्डं एकेक करून मोजली. ६३ मिलिमीटर रुंद, ८८ लांब. आजही विकत घेतलेलं प्रत्येक कार्ड मी मोजतो, कवचावर आकडा कितीही मोठा असो.

पण सगळ्यांत जास्त मी त्यांच्याकडून शिकलो ते पाकीट बांधायला. धावत्या गाडीच्या डाकडब्यात त्यांनी रात्री काढल्या होत्या. थैली कशी फेकली जाते आणि मोहोर कशी आपटते, हे त्यांना ठाऊक होतं. तिकिटं उजव्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे मोहोर तिथे बसणार. म्हणून कार्ड डाव्या खालच्या बाजूला. आधी प्लॅस्टिकची पातळ स्लीव्ह, मग कडक टॉपलोडर, दोन्हीकडे पुठ्ठा, आणि चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं, म्हणजे उघडणाऱ्याला कात्री लावावी लागू नये. सोबतच्या चिठ्ठीत कार्डाचे दोष लिहायचे, लहानातला लहान. मी एकदा ‘निअर मिंट’ एवढंच लिहिलं तर त्यांनी पाकीट बंद करू दिलं नाही. “तो माणूस तुला ओळखत नाही. त्याच्यापाशी फक्त तुझं लिहिलेलं हाय.” त्या चिठ्ठ्यांमुळे अनोळखी माणसं मला आधी कार्ड पाठवू लागली, माझं पोचायची वाट न पाहता. बदल्यात काकांनी कधी काही घेतलं नाही. आलेल्या पाकिटांवरची तिकिटं तेवढी कापून द्यायची, सभोवती बोटभर कागद ठेवून.

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी काकूंनी मला बोलावलं. गांधी तिकिटं एखाद्या कदर करणाऱ्याला द्यायची होती. नुसती कपाटात राहावीत हे त्यांना पटत नव्हतं. मी वर्णन लिहायला बसलो. दीड आणा, मध्य चांगला. बारा आणे, खालच्या कडेचा एक दात आखूड, मागे हिंजची फिकट खूण. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. इतके दोष सांगितल्यावर किंमत कमी येईल, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं.

“येऊ दे,” काकू म्हणाल्या. “आणि साडेतीन आण्याच्या मागे एक पिवळा डाग हाय, तो तू लिहिलाच नाहीस. तोही लिही.”