खोपीचे तळखडे

आमच्या सावर्ड्याच्या घरामागची खोप मुळात गोठा होती. गुरं गेली, तशी तिथं जळाऊ लाकडं, शेणी, आंब्याच्या पेट्या, मोडका नांगर आणि टाकवत नाही असं बाकी सगळं जमा झालं. खांब किंजळीचे, वासे ऐनाचे, वर मंगलोरी कौलं, बाजूंना फळ्या. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पश्चिमेकडची कौलं उडाली. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत आम्ही वर ताडपत्री ओढली आणि पुढचे पावसाळे तिच्यावरच काढले. ताडपत्रीनं वरचं पाणी अडवलं, पण आतली ओलही बाहेर जाऊ दिली नाही. कौलांच्या फटींतून वारा खेळतो, त्यामुळे रिपा भिजल्या तरी उघाडीला सुकतात. प्लॅस्टिकखाली त्या दिवाळीपर्यंत दमटच राहायच्या. काढायला गेलो तेव्हा हातात चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या तुटल्या.

दुरुस्ती मनावर घेतली तीही मे अर्धा सरल्यावर, मिरग तोंडावर आलेला असताना. गावातले सुतार तेव्हा चाकरमान्यांच्या घरांवर अडकलेले असतात. मला ते बरंच वाटलं, कारण सुताराची मजुरीच वाचवायची होती. दहा हजारांच्या आत काम बसवतो असं घरात जाहीर करून बसलो होतो, आणि एकदा आकडा जाहीर केला की तो राखण्यासाठी माणूस काय वाट्टेल ते करतो.

लाकूड घरचंच वापरावं म्हणून बांधावरची किंजळ हेरून ठेवली होती. कोयता-कुऱ्हाड काढली तेव्हा शेजारच्या अण्णांनी हटकलं, "परवानगी काढलीस काय रे?" झाड आपल्या जमिनीत असलं तरी महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. सावर्डे तर काताच्या कारखान्यांचं गाव. खैराच्या तोडीवरून होणाऱ्या भानगडी ऐकत लहानाचा मोठा झालेल्या मला हे ठाऊक असायला हवं होतं. किंजळ वाचली. मी गिरणीतून सगळ्यात स्वस्त मिळालं ते आंब्याचं ओलं लाकूड उचललं. महामार्गाच्या रुंदीकरणात पाडलेल्या घरांचे जुने, पण कडक वासे तेव्हा विकायला होते. ‘जुनं कशाला?’ म्हणून तिकडे पाहिलंसुद्धा नाही. आंब्याच्या लाकडाच्या पेट्या करतात, जमिनीलगतचे खांब कुणी करत नाही. त्याला वाळवीही लागते आणि भुंगाही.

मग मोबाइलवर परदेशी बागांतल्या लाकडी खोल्या बांधायचे व्हिडिओ पाहिले. खड्डा खणायचा, खांब उभा करायचा, भोवती काँक्रीट ओतायचं, झालं काम. लंडनला वर्षभरात साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे जुलैच्या एखाद्या पंधरवड्यातही तेवढा कोसळतो, हे बघताना डोक्यातच आलं नाही.

आमचे खांब जांभ्याच्या जोत्यावर, काळ्या दगडाच्या तळखड्यांवर नुसते टेकलेले होते. खांबाचं बूड आणि जमीन यांच्यात वीतभर दगड. मला ते कच्चं काम वाटलं. पश्चिमेकडच्या खांबांची बुडं झडीच्या पावसानं कुजली होती, ते पुरते काढले आणि जागी आंब्याचे नवे खांब दोन-दोन फूट सिमेंटात पुरले. निघालेले तळखडे न्हाणीघराच्या वाटेवर पायऱ्या म्हणून मांडले, आणि बायकोकडून त्याचं कौतुकही करून घेतलं.

दुसऱ्या वर्षी गणपतीत माळ्यावरून मखराचं सामान काढताना खोपीचा कोपरा खचलेला दिसला. पेचकस घेऊन खांबाला टोचून पाहिलं. कमरेपाशी टोक जेमतेम रुतलं. खाली, सिमेंट संपतं बरोबर तिथं, पेचकस मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो काळा, ओला भुसा घेऊन. आत वाळवीची मातीची नळी थेट वरपर्यंत चढलेली.

सुतारकाकांना अखेर बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं. "सिमिटात पुरलात होय? मग पानी जाईल कुठं?" लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं. आक्रसलं की सिमेंटापासून केसभर सुटतं, त्या फटीत पाणी उतरतं आणि तिथंच बसून राहतं. ओलं लाकूड वापरलं तर ते सुकताना फट आणखी रुंद होते. शिवाय मी त्याच ओल्या लाकडाला चारही बाजूंनी ऑइलपेंट फासला होता, म्हणजे आतली ओल आतच कोंडली. रंगाला फोड आले होते ते त्यामुळे. सगळ्यात महाग वस्तू होती ती रंग!

कौलांचा घोळ वेगळाच. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं. खोपीवर चारशे कौलं धरली तरी एक टन वजन होतं, भिजल्यावर जास्तच. मी मात्र वाशांमधलं अंतर वाढवून दोन वासे वाचवले होते. रिपा टेपनं मापून ठोकल्या, तर काही कौलांची नाकं रिपेला अडकेचनात. काकांनी टेप काढलाच नाही. एक कौल उचललं, रिपेवर अडकवलं, त्याच्यावर दुसरं चढवलं आणि पेन्सिलनं खूण केली. कारखान्यागणिक कौलाचं माप थोडं बदलतं, म्हणून ज्या कौलांनी शाकारायचं, तेच कौल गज. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला ही कौलं पाडायला सुरुवात केली, तेव्हापासून कोकणातले सुतार बहुधा असंच करत आले असतील.

वासे पुढून कापून मी पागोळीही आखूड केली होती. तेवढ्यानं फळ्यांवर थेट पाणी. काकांनी वाशांना जोड देऊन ती दीड-दोन फूट बाहेर काढली. पावसाळ्यात पश्चिमेला नारळाची झापं बांधायला सांगितली, जी आई दरवर्षी बांधायची आणि मी ‘गावठी’ म्हणून बंद केली होती. खांब आता पाडलेल्या घराच्या ऐनाचे आहेत, आणि पायऱ्या उखडून तळखडे पुन्हा जोत्यावर गेले. बुडांना काजूच्या टरफलाचं तेल दोनदा दिलं. हे तेल वाळवीला चांगलं दूर ठेवतं, पण कातडी भाजून काढतं. मी ते उघड्या हातानं लावायला घेतलं आणि बोटांची सालं निघाली. हातमोजे घाला, लावण्याआधी मनगटापर्यंत खोबरेल चोळा.

दहा हजारांची दुरुस्ती दोनदा करून सव्वीस हजारांना पडली. त्यातली काकांची मजुरी सात. पहिल्याच खेपेला ते दिले असते, तर सिमेंट, रंग आणि आंब्याचं लाकूड हे तिन्ही खर्च झालेच नसते.

तुमच्या परसात अशी खोप असेल तर वरून नवी दिसते की जुनी हे पाहत बसू नका. पेचकस घ्या आणि प्रत्येक खांबाच्या बुडाला, जोत्यापासून चार बोटं वर, टोचून बघा. आत गेला तर शिमगा होताच सुताराला गाठा. मे महिन्यात तो मिळत नाही.