दिवे गेले ते जांबच्या वाटेवर

जालन्यात नव्याने राहायला आलेल्या बाईला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी ऐकवतं, ‘जालना, सोने का पालना!’ मलाही अकरा वर्षांपूर्वी ऐकवलं होतं. तेव्हा मी मनात म्हटलं, कसलं सोनं नि कसलं काय! एका बाजूला सळयांच्या कारखान्यांचा धूर, दुसऱ्या बाजूला बियाण्यांची गोदामं, आणि उन्हाळ्यात नळाची वाट बघत मांडून ठेवलेले हंडे. पण या जिल्ह्याची गंमत शहरात नाही, बाहेरच्या रस्त्यांवर आहे, हे मला हळूहळू कळलं. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा झाला. तसा वयाने लहानच. पण उत्तरेला राजूरचा गणपती, दक्षिणेला अंबडची मत्स्योदरी, आणि त्याही पुढे घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब. तिन्ही ठिकाणं घरून सकाळी पोळी-भाजी बांधून निघावं आणि रात्रीच्या स्वयंपाकाला परत यावं, अशा अंतरावरची.

या फिरण्याच्या हौसेपायी आम्ही २०२१ साली एक जुनी मोटार घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढची कहाणी एका कंपनीची नाहीच. गाडी पुण्याच्या एका गृहस्थांची होती, चार वर्षं वापरलेली, स्वच्छ. आमचे हे बियाण्यांच्या धंद्यात, त्यामुळे एप्रिल-मे-जून त्यांना मान वर करायला सवड नसते. म्हणून गाडी चालवायला मीच शिकले. शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा दुपारनंतर वेळ असतो. सासूबाई सुरुवातीला मागच्या सीटवर डोळे मिटून बसत. पुढे पुढे त्याच विचारू लागल्या, “आता कुठं न्यायची मला?”

२०२४ची रामनवमी १७ एप्रिलला होती. जांबला रामनवमी म्हणजे दुहेरी सण. समर्थांचा जन्मही १६०८ साली रामनवमीचाच. सासूबाईंची फार इच्छा होती, म्हणून त्या, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि मी अशा तिघी निघालो.

अंबडपर्यंत रस्ता उघडाबोडका. काळी रानं नांगरून ठेवलेली, मधूनच मोसंबीची बाग. जालन्याच्या मोसंबीचं नाव दूरवर आहे, पण पाणी नसलं की हीच झाडं बघवत नाहीत. अंबड सोडलं की चित्र पालटतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या भागाला मिळतं, त्यामुळे ऊस दिसायला लागतो आणि वाराही जरा गार वाटतो. जांब गाव तसं लहान. जिथे ठोसरांचा नारायण जन्मला, तिथे आज मंदिर आहे. भर दुपारी बाराला जन्म झाला, गुलाल उधळला, सुंठवडा हातावर आला. लग्नात ‘सावधान’ शब्द ऐकून बोहल्यावरून पळालेल्या मुलाची गोष्ट सासूबाईंनी नातीला पुन्हा एकदा सांगितली. मुलगी म्हणाली, “आजी, त्याच्या आईला किती वाईट वाटलं असेल!” सासूबाई गप्प झाल्या. इतक्या वर्षांत मी ती गोष्ट शाळेत कितीदा शिकवली, पण राणूबाईंचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

ओळखीच्यांकडे प्रसाद, गप्पा, चहा यात उशीर झाला. परतताना अंबडच्या अलीकडे अंधार पडला. आणि एकाएकी गाडीचे पुढचे दिवे दोनदा फडफडले आणि गेले. पाठोपाठ समोरच्या काट्यांचा उजेड गेला, इंजिन बंद. खिडकीची काच खाली होईना. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. मागचे लाल दिवेही लागत नव्हते, म्हणजे मागून येणाऱ्याला आम्ही दिसणारच नव्हतो.

शेजारच्या रानातून एक शेतकरी बॅटरी घेऊन धावत आला. “ताई, लेकराला आधी खाली घ्या. म्हातारीलाबी. गाडीत बसू नका. मागून उसाच्या ट्रॉल्या येत्यात, त्यांना काय दिसायचं न्हाई.” त्याने बाभळीच्या फांद्या तोडून गाडीच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर टाकल्या आणि आपला ट्रॅक्टर आणून दिवे लावून उभा केला. पाचच मिनिटांत खरंच एक भरलेली ट्रॉली घरघरत शेजारून गेली. तिच्या मागे ना दिवा, ना लाल चकती. मुलीने माझा पदर घट्ट धरला होता. हे मित्राची जीप घेऊन येईपर्यंत दोन तास आम्ही त्या शेतकऱ्याच्या बाजेवर बसलो होतो.

आता खरी कहाणी सुरू होते. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नेली. गॅरेजवाला मला सोडून यांच्याकडे बघून म्हणाला, “मॅडमनी लाइट चालू ठेवले असतील, बॅटरी उतरली.” हेही म्हणाले, “अगं, राहिलं असेल तुझ्याकडून काहीतरी चालू.” देवळापाशी दिवसाढवळ्या मी दिवे कशाला लावीन? पण माझ्या बोलण्यापेक्षा बॅटरीचा शब्द मोठा ठरला. नवी बॅटरी आली, पाच हजार गेले. मे महिन्यात मोती तलावाजवळ पुन्हा तेच. या वेळी दिवस होता म्हणून निभावलं. आणि या वेळी कारण होती ‘बायकांची गाडी चालवायची सवय’!

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला. एक बाई म्हणाल्या, “माझ्या भावाला कंपनीचं पत्र आलंय, त्याची गाडी परत बोलावलीय. तुमची तीच ना?” त्या दुपारी मी गाडीचे कागद काढले. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला, आणि समोर आलं की वायरिंगच्या एका जोडणीत दोष असून ती फुकट बदलून मिळेल. सूचना फेब्रुवारीतली होती! पत्र गेलं होतं पुण्याला, पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर. आरटीओत गाडी आमच्या नावावर झाली होती, पण कंपनीच्या वहीत नाही. मी ते पान यांना दाखवलं. ते बराच वेळ वाचत राहिले आणि मग म्हणाले, “चुकलंच माझं.” एवढं मला पुरे झालं.

गाड्या परत बोलावणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. याला रिकॉल म्हणतात. जानेवारी २०१०मध्ये होंडाने भारतातल्या ८,५३२ सिटी गाड्या परत बोलावल्या, कारण खिडकीच्या काचेच्या बटणात पाणी शिरून शॉर्ट सर्किट होण्याचा धोका होता. त्याच वर्षी टाटांच्या काही नॅनो गाड्यांनी पेट घेतला, आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने सत्तर हजारांवर मालकांना धुराच्या नळीला आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केलं. मात्र त्याला रिकॉल म्हणायला कंपनी तयार नव्हती. सप्टेंबर २०२१मध्ये मारुतीने १,८१,७५४ पेट्रोल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. दोष मोटर-जनरेटर नावाच्या विजेच्या भागात. पण भाग बदलण्याचं काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होणार होतं. तोवर मालकांनी काय करायचं? तर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये आणि विजेच्या भागांवर पाण्याचा फवारा मारू नये. सप्टेंबरच्या पावसात हा सल्ला पाळायचा कसा, ते ज्याचं त्याने बघायचं!

आमचंही तसंच झालं. सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरला, साठेक किलोमीटरवर. बदनापूरवरून जुन्या रस्त्याने जावं लागतं. बदनापूरला तुरीच्या वाणांचं संशोधन करणारं केंद्र आहे आणि पुढे शेंद्र्याला चक्क मोटारींचा कारखाना आहे (आमची गाडी तिथली नव्हे). मनात यायचं, इथे रोज नव्या गाड्या बनतात आणि मला एक वायरची जोडणी मिळू नये? तीन खेपा झाल्या, अकरा फोन झाले. उत्तर ठरलेलं, “मॅडम, पार्ट आला की आम्हीच कळवू.”

मग मी घरच्या हिशोबाच्या वहीत एक पान काढलं. कधी फोन केला, कोण बोललं, काय म्हणालं, सगळं तारीखवार. त्यावरून कंपनीला ई-मेल लिहिला. रागाचा शब्द नाही, नुसत्या तारखा, आणि शेवटी तीन प्रश्न: भाग कधी येणार, तोवर गाडी चालवणं सुरक्षित आहे का ते लेखी कळवा, आणि नसेल तर पर्यायी सोय काय? ‘लेखी कळवा’ म्हटल्यावर चार दिवसांत वरून फोन आला. भाग मात्र २६ सप्टेंबरला बसला. काम किती वेळाचं होतं म्हणता? दीड तासाचं. पैसे एकही घेतले नाहीत. बॅटरीचे पाच हजार गेले ते गेलेच.

त्या साडेतीन महिन्यांत आम्ही घरात बसून राहिलो असं समजू नका हं. २५ जूनला अंगारकी आली. राजूरला एस.टी.ने गेलो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना तिकीटच नाही. राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानतात. देऊळ टेकडीवर. रात्रीपासून लोक पायी येत होते, जालन्याच्या रस्त्यावर माणसांची रांग आणि ठिकठिकाणी फराळाच्या खिचडीची पातेली. एस.टी.च्या खिडकीतून जिल्हा निराळाच दिसतो. शेजारच्या बाईशी बोलता बोलता पेरणी झाली की नाही, कापसाला काय भाव मिळाला, लेकीचं कुठं ठरलं, सगळं कळतं. सासूबाई म्हणाल्या, “मोटारीत एवढी माणसं भेटत नाहीत गं.” खरंच होतं ते.

तुमच्यापैकी ज्यांच्या दारात मोटार आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. जुनी गाडी घेतली की आरटीओबरोबरच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही नाव-पत्ता बदलून घ्या, आणि वर्षातून दोनदा चासी नंबर घालून रिकॉल आहे का ते बघा. रिकॉलच्या कामाला पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तर पावती मागा. १ एप्रिल २०२१ पासून याला कायद्याचं बळ आहे. सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या दोषाची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर करता येते. दाद लागलीच नाही तर ग्राहकांसाठी १९१५ हा फोन आहे, आणि जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे.

आता घरची काळजी. फ्यूज उडाला तर त्या जागी तारेचा तुकडा कधीही घालू नका. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणूनच. चार फ्यूज जादा ठेवा. रंगीत दिवे, मोठा हॉर्न असलं काही रस्त्याकडेच्या दुकानात वायर कापून बसवून घेऊ नका. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली तर इंजिन बंद करून, आधी वजा खुणेची वायर सोडवून, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा आणि कोरडं करा. आपल्याकडे गोदामांमुळे उंदीर फार, पावसाळ्यात ते बॉनेटखाली उबेला बसतात आणि वायरी कुरतडतात. तेव्हा गाडीजवळ धान्य सांडू देऊ नका, गाडीत डबे-बिस्किटं ठेवू नका. जळका वास आला तर गाडी थांबवा, किल्ली बंद करा, आधी माणसं बाहेर काढा. धूर दिसत असताना बॉनेट उघडू नका, वारा लागून भडका उडतो. आणि गाडीत लाल त्रिकोण व बॅटरी ठेवाच. बाभळीची फांदी तोडून देणारा माणूस प्रत्येक वळणावर भेटेलच असं नाही.

नवरात्रात आम्ही अंबडला गेलो. माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरीचं देऊळ, खाली यात्रा, पाळणे, बांगड्यांची दुकानं. दर्शन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तसंच पुढं चल.” मला उमगलं. घनसावंगीच्या रस्त्याने दहाएक मिनिटांवर ते रान आलं. शेतकरी बांधावरच होता. सासूबाईंनी देवीचा प्रसाद आणि एक पुडकं त्याच्या बायकोच्या हातात दिलं. पुडक्यात घरचे बेसनाचे लाडू होते. त्याने गाडीकडे बघून विचारलं, “झाली का नीट?”

“झाली,” मी म्हटलं.

“लावून दाखवा की!”

मी दिवे लावले. त्याच्या कपाशीच्या चार ओळी लख्ख उजळल्या. मुलगी टाळ्या पिटत होती. परत निघालो तेव्हा सासूबाई आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. जालना येईपर्यंत त्यांचे डोळे उघडे होते.