मीठ न चाखता

देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक आचाऱ्याने आधी चाखावयाचा नसतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु न चाखता दोनशे पानांच्या आमटीत मीठ बरोबर कसे पडते, हा प्रश्न पंगतीस बसणाऱ्या आम्हांस कधी पडला नव्हता. तो पडला मांजलपुरास.

बडोद्यातील मराठी वस्ती म्हटली की दांडिया बाजार आठवतो. परंतु १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, आणि शहर दक्षिणेस मकरपुऱ्याच्या कारखान्यांकडे पसरत गेले, तशी काही मराठी घरे मांजलपुरात आली. तेथील एका देवळातल्या समाराधनेच्या दिवशी आम्ही मुद्दाम मागल्या दारी गेलो. सत्तरी ओलांडलेले आचारी भट्टीपाशी पाटावर बसले होते. वडील रत्नागिरीकडून आलेले. पळी हाती आली तेव्हा हे बारा वर्षांचे होते.

“काका, मीठ कसे हो कळते?”

“हाताला कळतं. आणि उकळीचा वास सांगतो.” मग थोडे थांबून, “सांगायचा.”

२०२१ सालच्या तापात त्यांचा वास गेला, तो परत आला नाही. आता फोडणीपाशी पत्नी उभी राहते आणि हिंग फुलला की नुसती मान हलवते. मंडळींना हे ठाऊक नाही. “कळलं तर बोलावणार कोण?” ते म्हणाले. (म्हणूनच त्यांचे नाव आणि देवळाचा पत्ता आम्ही येथे देत नाही.)

आम्ही खाली पाहिले. आदल्या वर्षी आमटीस किंचित करपट वास आला होता आणि ती गोष्ट व्यवस्थापकांच्या कानी आम्हीच घातली होती. ते आम्ही त्यांना सांगितले नाही. धीर झाला नाही.

मग गोष्टी निघाल्या त्या गुळाच्या. अर्धी पंगत गुजराती शेजाऱ्यांची. त्यांना डाळ गोड हवी, आमच्यांना गोडा मसाला पुढे हवा. पातेले एकच. काका गूळ असा बेताने घालतात की दोघांनाही आमटी आपलीच वाटावी. कोणा गोमंतकीयाच्या घरी एकदा खतखते केले होते, तेव्हा तिरफळाचा वास जिन्यापर्यंत गेला, हे सांगताना त्यांनी नकळत श्वास ओढून घेतला.

“आणि तुमच्या आवडीचे?”

“पूर्वी अळूचं फतफतं. आता ताकभात. आंबट जिभेला कळतं. बाकीचं आठवावं लागतं.”

वहिनींना विचारले, तर त्या लाजून म्हणाल्या, “सेव-उसळ. कोपऱ्यावरची.” उसळ आपली, सेव गुजरातची, आणि पदार्थ अस्सल बडोद्याचा! घरी का करीत नाही म्हणता? “अहो, दुसऱ्या कोणी केलेलं खायला मिळतं तेवढं एकच.”

इतक्यात पाने मांडल्याची हाक आली. काकांनी मुठीत मीठ घेतले, तळव्यावर जरा तोलले, चिमूटभर परत डब्यात टाकले आणि उरलेले पातेल्यात सोडले.

पंगतीत व्यवस्थापक आमच्यापाशी वाकून विचारते झाले, “यंदा आमटी कशी काय?” आम्ही वाटी पुढे केली आणि आणखी वाढावयास सांगितले. मीठ, खरे सांगावयाचे तर, कणभर कमी होते.