पेट्रोलचा कॉक

गाडी चालू होत नसेल तर किक मारत बसायचं नाही, आधी वाकून टाकीखालचा कॉक बघायचा, हा आमच्या अण्णांचा शिरस्ता. त्यांची राजदूत होती, १७३ सीसीची, टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावं लागे. घराच्या अलीकडच्या वळणावरच ते कॉक बंद करत आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी दारात आणत. कॉक उघडा राहिला आणि फ्लोटची सुई नीट बसली नाही, तर रातोरात पेट्रोल इंजिनात झिरपायचं, सकाळी प्लग ओलाचिंब. मग तो काढा, पॉलिश पेपरने घासा, इंजिनला टेकवून किक मारा, निळी ठिणगी पडते का बघा. प्लग ओला असेल तर ठिणगीचं दुखणं, कोरडा असेल तर पेट्रोलचं, हे मला शाळेतल्या कुठल्याही प्रमेयाआधी पाठ झालं.

कॉक उघडायला विसरलं तरी गाडी चालू व्हायचीच, हा त्यातला खरा चकवा. कार्बोरेटरच्या वाटीतल्या घोटभर पेट्रोलवर ती ऐटीत निघे आणि पोस्टाच्या कोपऱ्यावर आचके देऊन थांबे. माणूस बिचारा प्लगपाना शोधत बसायचा.

नोकरी लागल्यावर मी स्प्लेंडर घेतली. तिचा कॉक डाव्या बाजूला. खंबाटकीच्या चढावर इंजिनाने दोन गुचक्या दिल्या की क्लच सोडलेला डावा हात न बघता खाली जायचा, कॉक रिझर्व्हला फिरायचा, आणि गाडी थांबायच्या आत पुन्हा दम धरायची. रिझर्व्हची टाकी वेगळी असते असं अजूनही पुष्कळांना वाटतं. तसं काही नसतं. टाकी एकच, कॉकवरची एक नळी उंच, दुसरं तोंड तळाशी. उंच नळी कोरडी पडली की तळाचं पेट्रोल घ्यायचं, इतकंच.

आणि तळाशीच पाणी असतं, कारण ते पेट्रोलपेक्षा जड. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून थोडंथोडं उतरतं आणि महिनोन्‌महिने निमूट पडून राहतं. एकदा रिझर्व्हला लावताच गाडी मिसिंग मारू लागली. कराडातल्या मिस्त्रींनी कार्बोरेटरखालचा स्क्रू ढिला केला, तळहातावर चमचाभर घेतलं आणि हात माझ्यापुढे धरला. पेट्रोल बघता बघता गार लागून उडालं. मागे दोन टपोरे, सुटे थेंब राहिले. कार्बोरेटर न उघडताच निदान झालं. टाकी रिकामी करून धुतली, जेटमध्ये हवा मारली, झाकणाचं रबर बदललं. कुठल्याही स्कॅनरपेक्षा मला तो तळहात जास्त पटतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, इंधन इंजेक्शन आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांमधून चोक, जेट, कॉक सगळेच हद्दपार झाले. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. थंडीत चोक ओढून किका मारून पोटऱ्या दुखवण्यात काही काव्य नव्हतं. आता किल्ली फिरवली की टाकीतला पंप क्षणभर घूंऽऽ करतो. तो आवाज आला नाही तर आधी हँडलवरचा लाल स्विच बघा, मग फ्यूज. हे दोन्ही ठीक असूनही पंप मुका असेल तर मुकाट्याने गॅरेज गाठा.

तळाचं पाणी मात्र हद्दपार झालेलं नाही. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाच्या मळीचं आणि रसाचं. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाला बसतात. पंप तिथूनच ओढतो. शिवाय तो पंप गार राहतो भोवतीच्या पेट्रोलमुळे, आणि वेळेवर गुचकी देऊन सावध करणारा कॉक आता नाही. तेव्हा काटा लाल पट्ट्यात जायची वाट बघू नका. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि झाकणाचं रबर एकदा बोटाने चाचपून बघा.