वॉर्डभाई

बुऱ्हाणपुरात आलात तर शाही किल्ला, जामा मशीद आणि कुंडी भंडारा तुम्हाला कुणीही दाखवील. मला तुमची गाठ वॉर्डभाईंशी घालून द्यायची आहे. महानगरपालिकेचे 48 वॉर्ड, म्हणजे हे 48 भाऊ. त्यांतले आपले हे हरीरपुऱ्याकडचे, विणकरांच्या मोहल्ल्यातले. पावरलूमच्या खटखटीत वाढले, म्हणून हळू बोलणं त्यांना जमत नाही. कानात सांगायची गोष्टही चार घरांना ऐकू जाते.

त्यांचा दरबार सकाळी भरतो. एक ओटा, एक डुगडुगतं टेबल, शाईचा पॅड आणि पार्षदाचा, म्हणजे नगरसेवकाचा, शिक्का. कागद पुढे केला की वॉर्डभाई आधी कागदाकडे पाहत नाहीत, माणसाकडे पाहतात. "कुणाची सून?" सासऱ्याचं नाव कळलं, कुठल्या कारखान्यात कांडी भरते ते कळलं, की मग शिक्का तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर मारायची, पॅडवर दोनदा दाबायचा आणि कागदावर ठप्प. सरकारी कुटुंब-नोंदीच्या समग्र आयडीत बाळाचं नाव चढवायचं असो की रेशनची पात्रता पर्ची अडलेली असो, बाईचं अर्धं काम त्या फुंकरीत होतं. सरकारी खिडकीवर ती आठ-नऊ आकडी नंबर असते. इथे ती अमक्याची सून असते.

स्मरणशक्ती दांडगी. मोहल्ल्यात कोण कुठून आलं, हे वॉर्डभाईंना तोंडपाठ. सिंधीपुरा कुणाचा? सोळाव्या शतकात सिंधमधून आलेल्या सूफींचा आणि त्यांच्यामागोमाग आलेल्यांचा. मोमीन अन्सारी कुठले? 1857च्या धामधुमीत आणि त्यानंतर आझमगढ, मऊ, मुबारकपूरकडून हातमाग सोडून निघालेले. त्यातले काही इथे टेकले, काही पुढे मालेगावला, भिवंडीला, कामठीला गेले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. सगळे एकेका गाठोड्यानिशी आले, असं सांगताना वॉर्डभाईंचा आवाज पहिल्यांदा खाली येतो.

त्यांचा अभिमान म्हणजे कापड. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी इथून गेला आणि इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं, असं लिहून गेला. वॉर्डभाई हे असं सांगतात, जणू ठाण स्वतः खांद्यावर टाकून पोचवून आले. तेवढी फुशारकी त्यांना शोभते. ज्यांचे हात हे कापड विणत आले, त्यांचं कौतुक करणारं गावात दुसरं आहे कोण?

आजच्या महानगरपालिकेआधीची नगरपालिका 1867ची. तेव्हापासून नळ, नाली, दिवा हे शहराचं काम आहे, मोहल्ल्यावरची मेहेरबानी नव्हे. वॉर्डभाईंना मात्र "झालं" म्हणणं माहीत नाही, "करून दिलं" एवढंच माहीत. नळ मी आणून दिला, गल्ली मी करून दिली, तुझ्या आईचं पेन्शन मी बसवून दिलं. आणि खरंच धावपळ त्यांनीच केलेली असते. रात्री अकराला विजेची डीपी जळाली, साऱ्या गल्लीचे माग थांबले, तर वायरमनच्या दारात तेच उभे असतात. माग थांबला की मजुरी थांबते, कारण विणकराला पैसे मीटरवर मिळतात. म्हणून लोक त्यांचा उपकार मानतात. त्या मानण्यातच सगळी मेख आहे. उपकाराची पावती नसते, परतफेड असते, आणि ती मतपेटीत करायची असते.

यांचा एक थोरला भाऊ न्यूयॉर्कला होऊन गेला. नाव टॅमनी हॉल, तिथली राजकीय संघटना, जन्म 1789. बटाट्याच्या दुष्काळातून पळून आलेल्या आयरिश माणसाला तिथे कुणी दारात उभं करत नव्हतं. टॅमनीने त्याला काम दिलं, हिवाळ्यात कोळसा दिला, नागरिकत्वाचे कागद करून दिले आणि मत घेतलं. त्याच टॅमनीच्या ट्वीड नावाच्या पुढाऱ्याने शहराची तिजोरी धुऊन नेली आणि 1878 साली तो तुरुंगात मेला. एका हाताने आधार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने आधाराची सवय लावायची, हा या घराण्याचा स्वभाव आहे.

वॉर्डभाईंचं गणित फार पक्कं. कुठल्या गल्लीत किती घरं, कुठली बिरादरी कुणामागे, हे बोटांवर. जुलै 2022मध्ये महापौरपदाची निवडणूक भाजपच्या माधुरी पटेल यांनी काँग्रेसच्या शहनाज अन्सारी यांच्यावर 542 मतांनी जिंकली, आणि एमआयएमच्या उमेदवाराने दहा हजारांवर मतं घेतली. त्या 542चा हिशोब वॉर्डभाई अजून चहाच्या गाड्यावर मांडतात. पण त्या मोजणीत माणूस एक गठ्ठा होऊन जातो. अमक्या पुऱ्याचे इतके, तमक्या जमातीचे इतके. तलम सुताचा भाव काय झाला, मागावरच्या माणसाला खोकला का लागतो, हे त्या हिशोबात येतच नाही.

रुसणंही तसंच. ज्या गल्लीने पाठ फिरवली, तिची नाली तुंबली तर वॉर्डभाईंना ऐकू कमी येतं. आणि एका माणसाला तर ते पाहतच नाहीत. भाड्याच्या खोलीत चौघांत राहणारा, नुकताच परगावाहून मागावर आलेला पोरगा. त्याचं नाव मतदार यादीत गावाकडे आहे, म्हणून इथे त्याला ना नळ, ना दाखला. ज्यांना गाठोड्यांची इतकी आठवण, त्यांना दारातलं ताजं गाठोडं दिसू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा एक सून आली होती. मोबाइलवर स्वतःच सगळं भरून आणलेलं. नालीचा अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "भाई, पावती दे दो." वॉर्डभाई म्हणाले, "अरे बेटा, मैं बैठा हूँ ना!" ती हलली नाही. अर्जाची दुसरी प्रत तिने पुढे सरकवली. वॉर्डभाईंनी नेहमीप्रमाणे शिक्क्यावर फुंकर मारली, ठप्प केलं. ती म्हणाली, "तारीख भी." मागे रांगेत तो परगावचा पोरगा उभा होता, खोलीवर नळ पाहिजे म्हणून. त्याने खिशातला घडी घातलेला अर्ज काढला, पाहिला, आणि दुसरी प्रत काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सकडे गेला.