इयादतीला आलेली माणसं

आमच्याकडे कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘ती बीमारी’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. २०१७च्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या, छातीत गाठ असल्याचं कळलं. दोन दिवसांत औंढ्यातल्या आमच्या आळीत ते सर्वांना माहीत झालं, पण नाव कोणीच घेतलं नाही. अम्मींनी स्वतः ती गाठ आठ महिने लपवली होती. परक्या पुरुषाला दाखवायचं कसं, ही एक लाज आणि मुलाला खर्चात घालायचं नाही, हा दुसरा विचार.

आधी एका खाजगी रुग्णालयात गेलो. तिथे तपासण्यांच्या आधी अनामत रक्कम मागितली आणि पुढचा जो आकडा सांगितला तो ऐकून हे नुसतेच बसून राहिले. ह्यांचा टेम्पो, तो बँकेचाच होता. मग कोणीतरी परळला जा म्हणालं.

परळचं टाटा हॉस्पिटल सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली उभारलं. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशभरातली माणसं तिथे येतात. सकाळची सिंहगड एक्स्प्रेस लोणावळ्याला पकडायची, दादरला उतरायचं, तिथून परळ. अम्मी घाट उतरताना तसबीह ओढत बसायच्या आणि मी मांडीवर फाईल धरून. त्या इमारतीत डॉक्टर भेटतात, औषध मिळतं. पण रात्री कुठे राहायचं, जेवायचं काय, पैशाचं काय, हे ज्याच्या-त्याच्याकडून शिकावं लागतं. मदत करणाऱ्या संस्था नाहीत असं मुळीच नाही. पण आपल्याला त्यांची गरज आहे हे त्यांना कळत नाही आणि त्या आहेत हे आपल्याला कळत नाही.

मला ते एका सोलापूरच्या बाईने शिकवलं. नवऱ्याच्या घशाचा कॅन्सर, आणि ती वर्षभर त्या फूटपाथवर होती. तिने मला पहिल्यांदा विचारलं, “रेशन कार्ड केशरी हाय का पिवळं?” मी म्हटलं केशरी. “मग इथं का रडतीयास? आरोग्यमित्र कुठं बसतो ते इचार.”

सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे साऱ्या राज्यात आली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. त्या वेळी मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची होती. आता ती पाच लाख आहे आणि २०२३च्या निर्णयाने कार्डाच्या रंगाची अटही राहिली नाही. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो. आमचं घोडं अडलं ते नावावर. रेशन कार्डावर ‘हमीदाबी’, आधारवर ‘हमिदा बेगम’, आणि मतदार कार्डावर तर ‘अमिदा’. आपल्या किती घरांत ही गत असेल! लिहून घेणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू येईल तसं आपल्या बायकांचं नाव ठरतं. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करायला ह्यांचे दोन दिवस आणि टेम्पोची दोन भाडी गेली.

योजनेत न बसणाऱ्या औषधांसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने चिठ्ठ्या दिल्या. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ सालची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ सालची; ही नावं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. वन्दना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून बरं झाल्यावर १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ सुरू केली. स्वतः त्या आजारातून गेलेली बाई समोर बसून बोलते तेव्हा अम्मींसारखी बाईसुद्धा तोंड उघडते. शस्त्रक्रियेनंतर अम्मी आठ दिवस ओढणीच्या आत हात घट्ट धरून बसल्या होत्या. अशाच एका बाईने पडद्याआड नेऊन स्वतःचा ब्लाउज उघडून दाखवला आणि कापूस कसा भरायचा ते सांगितलं. बाहेर आल्यावर अम्मींनी चहा मागितला.

रेल्वेच्या सवलतीचंही असंच. डॉक्टरांच्या सहीचा ठरावीक नमुना भरून दिला की कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाडं लागत नाही, सेकंड क्लासमध्ये पाऊण भाडं माफ होतं आणि सोबत्यालाही पाऊण सूट मिळते. लोणावळा-दादर तिकीट ते काय, असं वाटेल. पण दोघींचं, जाऊन-येऊन, महिन्यातून कितीदा, याचा हिशेब घातला की तेल-साखर सुटते.

रेडिएशनला मात्र रोज जावं लागतं. औंढ्याहून रोज ये-जा त्या जिवाला झेपणारी नव्हती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबा १९५६ साली गेले. स्वतः खापरात जेवणाऱ्या त्या माणसाने धर्मशाळा बांधल्या आणि त्यांच्या नावाने चाललेल्या जागेत आज टाटाचे रुग्ण राहतात. अम्मी आधी बिचकल्या. “अपने को रखेंगे क्या?” आम्हाला कोणी काही विचारलं नाही, फाईल बघितली, नाव लिहिलं. तो २०१८चा रमजान होता. अम्मींना रोजे माफ होते, पण ऐकेनात. शेवटी आमच्या मौलानांनी फोनवर दरडावलं, “आजाऱ्याला सवलत अल्लाहने दिली आहे, तुम्ही ती नाकारणाऱ्या कोण?” तेव्हा त्या फिदिया द्यायला कबूल झाल्या. माझे रोजे चालू होते. शेजारच्या खाटेवर लातूरकडची एक बाई होती. पोराचं ब्लड कॅन्सरचं दुखणं. ती मला सेहरीला उठवायची. रात्रीची भाकरी फडक्यात बांधून ठेवलेली असायची. दुपारचं जेवण ती दोघं जीवनज्योत ट्रस्टच्या रांगेतून आणत. ईदच्या दिवशी तिच्या पोराने माझ्याकडे ईदी मागितली आणि मला रडू आलं.

आता जरा आपल्या माणसांविषयी. इयादतीचं महत्त्व आपल्याला सांगायला नको. मुसलमानाचे मुसलमानावर जे हक्क हदीसमध्ये मोजले आहेत त्यांत आजाऱ्याला भेटणं आहे. आणि माणसं भेटायला येतातही, खूप येतात. २०१९च्या सुरुवातीला आजार हाडांत उतरला, अम्मी अंथरुणाला खिळल्या आणि आमच्या घरी रीघ लागली. एका रविवारी मी सत्तावीस कप चहा केला. मोजले, कारण दूध संपलं होतं. येणारा अम्मींच्या उशाशी बसतो, कोण कोण याच बीमारीत गेलं ते सांगतो, झमझमचं पाणी देतो, एखादा ताबीज देतो, चहा घेतो आणि जातो. त्या सगळ्या वेळात अम्मींची कूस बदलायची राहते. “तू झोपलीस केव्हा?” हे मला फक्त एकीने विचारलं. आळीतल्या फातिमाखालांनी. त्या दर मंगळवारी जोहरनंतर यायच्या, चहा नको म्हणायच्या आणि असरपर्यंत अम्मींजवळ बसायच्या. मी आतल्या खोलीत दोन तास मेल्यासारखी झोपायची. माझ्या लेखी इयादत ती.

जकातीचंही बोललं पाहिजे. आपल्याकडे जकात रमजानमध्ये निघते, बहुतेक मदरशांना जाते, आणि बाकीची रमजानमध्येच संपते. आजार मात्र सफर महिन्यातही येतो. गरिबाच्या औषधाला जकात देता येते, पण मागायला येणाऱ्याच्या हातात रुग्णाची फाईल असेल तर त्याने कोणाकडे जायचं, हे आमच्या पंचक्रोशीत कोणालाच माहीत नव्हतं. मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळा लिहितात, तिथेच एका कोपऱ्यात आरोग्यमित्र कुठे भेटतो एवढी एक ओळ लिहिली तर कोणाची हरकत असेल?

शेवटचे महिने वेदनांचे होते. साध्या गोळ्या पुरेनात. डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं आणि घरात वाद पेटला. अफूचीच ती, हराम आहे, सवय लागेल, असं एक ना दोन. कायद्यालाही या औषधाची इतकी धास्ती होती की १९८५च्या कायद्यानंतर ते दुकानातून जवळजवळ नाहीसं झालं; २०१४ साली कायदा सुधारला तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली. आमच्याच मौलानांनी निकाल दिला की डॉक्टरने वेदनेसाठी दिलेलं औषध नशेत मोजायचं नाही.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ सालचं. जिथे बरं होण्याचे उपचार थांबतात तिथून त्यांचं काम सुरू होतं आणि पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन असंच काम करतं. आम्ही वारज्याला गेलो. नणंदेने तोंडावर म्हटलं, “अम्मीला मरायला टाकून आलीस.” मी उत्तर दिलं नाही. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस ठेवून घेतात आणि त्यालाच शिकवतात. जखम कशी धुवायची, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून किती वेळाने वळवायचं, गोळी घड्याळ लावून द्यायची, दुखेपर्यंत थांबायचं नाही. तिसऱ्या रात्री अम्मी सलग सहा तास झोपल्या. सकाळी त्यांनी तयम्मुम करून पडल्या पडल्या इशाऱ्याने फजर पढली, मग मला म्हणाल्या, “बेटी, तेरे बाल कितने सफेद हो गए.” वर्षभरात त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, दुखणं पाहू देत नव्हतं.

पंधरा दिवसांनी घरी आणलं. नणंद भेटायला आली तेव्हा मी तिच्या हातात कापसाची वाटी दिली आणि जखम धुवायला बसवलं. त्यानंतर ती रोज येऊ लागली. ऑगस्टमध्ये अम्मी गेल्या, घरातच. मय्यतीला सारा गाव होता. गुस्ल द्यायला फातिमाखाला आणि नणंद होत्या.

अम्मींची फाईल मी टाकलेली नाही. तिच्या मागच्या पानावर पत्ते आणि नंबर आहेत. गेल्या महिन्यात मळवलीकडून एका मुलाचा फोन आला, आईचं निदान झालंय म्हणाला आणि रडायलाच लागला. मी त्याला रडू दिलं. मग विचारलं, “आधारवरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव एकच आहे का, ते आधी बघ.” तो म्हणाला, “थांबा खाला, कागद आणतो.”