थोडा मका, पण भरल्या कणसाचा

दिवाळी सरत आली की आमच्या गिरणेकाठच्या गावात पारावर एकच बोलणं सुरू होतं : यंदा मका किती करायचा? ज्याचं रान मोठं, तो मोठा आकडा सांगतो. पण रब्बीचा मका नुसत्या रानावर पिकत नाही, तो विहिरीवर पिकतो. तेव्हा आधी मोजायचं ते पाणी, मग रान.

आमच्या घरी हिशेबाची वही माझ्याकडे असते. विहिरीखाली तीन एकर रान आहे. गेल्या दिवाळीत भाऊजी म्हणाले, "वहिनी, यंदा तिन्ही एकर मकाच टाकू." मी विचारलं, "पौष-माघात आपली मोटार किती तास चालते, ते सांगा." सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा विहीर निम्म्यावर येते. भाऊजींना वाटत होतं, मका कमी केला तर लोक म्हणतील यांचं पाणी आटलं. मामंजी तंबाखू मळता मळता म्हणाले, "लोक काही दारं धरायला येत नाहीत." दीड एकर मका आणि दीड एकर हरभरा ठरला. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं होतं, म्हणून खेळ नको होता.

असं का ठरवलं, ते मक्याच्या कणसातच दिसतं. कणसाला जी रेशमासारखी मिशी येते, तिचा एकेक धागा एकेका दाण्याचा असतो. वरच्या तुऱ्यातले पराग त्या धाग्यावर पडले, तर तो दाणा भरतो. त्या दिवसांत पाण्याचा ताण बसला की मिशी उशिरा निघते, वाळते, आणि कणीस बोडकं राहतं. मग कितीही खत टाका, न धरलेला दाणा परत येत नाही. तीन एकरांना अर्धंमुर्धं पाणी देण्यात बी, खत, मजुरी तीन एकरांची लागते आणि कणसं मात्र अर्धी.

म्हणून पाण्याच्या चार वेळा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते : रोप वाढीला लागताना, तुरा निघताना, मिशी येताना आणि दाणा भरताना. मधली पाळी जमीन बघून द्यावी. मात्र कोवळ्या रोपाला पाणी तुंबलेलं सोसत नाही. महिनाभराचं होईपर्यंत वाफ्यात पाणी साचू देऊ नये.

दुसरा हिशेब झाडांचा. दोन ओळींत 60 सेंटिमीटर आणि दोन झाडांत 20 सेंटिमीटर अंतर धरलं, तर एकरी सुमारे 33,000 झाडं बसतात. प्रत्येकी एक कणीस आणि कणसाला 100 ग्रॅम दाणा धरा. 33 क्विंटल होतात. पाचात एक झाड उगवलंच नाही, तर साडेसहा क्विंटलची खोट पेरणीच्या आठवड्यातच बसते. शेजारची झाडं थोडी जास्त भरतील, पण सगळी खोट भरून निघत नाही. म्हणून उगवण दिसताच आठवड्याच्या आत नांगे भरावेत, आणि जिथे दोन रोपं आली तिथलं एक उपटावं. हे काम आम्ही सासू-सुना दोन सकाळींत उरकतो. बी संकरित असेल तर दरसाल नवं घ्यावं; घरचं दाणं राखून पेरलं तर पीक एकसारखं येत नाही.

खताचंही तसंच. शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, 60 स्फुरद आणि 40 पालाशची. म्हणजे एकरी 48, 24 आणि 16. माती तपासली असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करावं. स्फुरद-पालाश पेरतानाच द्यावं. युरिया मात्र एकदम ओतू नये. तीन हप्ते करावे : पेरताना, महिन्यानं आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. पहिल्या महिन्यात तण राहिलं तर आपलं विकतचं खत तेच खातं. कोळपणी, खुरपणी वेळेवर हवी.

आता अळीचं. अमेरिकी लष्करी अळी आपल्या देशात पहिल्यांदा 2018 साली कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण असते, आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. पोंग्यात भुश्श्यासारखी विष्ठा दिसली की समजावं. उगवल्यापासून दर तीन-चार दिवसांनी सकाळी पोंगे बघत फिरावं. अळी लहान असतानाच उपाय लागू पडतो; मोठी झाली की पोंग्यात खोल बसते आणि औषधाचा पैसा वाया जातो. पानाच्या मागचे अंडीपुंज दिसतील तिथे चुरडावेत. औषध कृषी सहायकाला विचारून, सांगितलेल्या मात्रेतच घ्यावं.

शेवटचा हिशेब खळ्यावरचा. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. पण विकायला तो अजून ओला असतो. 20 टक्के ओलाव्याचे 100 किलो दाणे 14 टक्क्यांपर्यंत वाळवले, तर 93 किलो भरतात. एवढी घट खरी. व्यापाऱ्यानं याहून जास्त कापली, तर हा आकडा पुढे करून विचारता येतं. ओला ढीग ताडपत्रीखाली दाबला तर बुरशी लागते. तसा दाणा कोंबड्यांना आणि जनावरांनाही विषारी ठरू शकतो. सरकारनं 2025-26 साठी मक्याचा आधारभाव क्विंटलला 2,400 रुपये ठरवला. तोही कोरड्या, स्वच्छ मालाचा. बाजारात भाव खाली असेल, तर वाळलेलं धान्य थांबू शकतं, ओलं थांबत नाही.

आमच्या दीड एकराची कणसं शेंड्यापर्यंत भरली. हरभऱ्याला दोन पाण्यांत भागलं. मार्च संपायच्या आत मामंजी सोसायटीची पावती घेऊन आले आणि मी ती वहीत डकवली. भाऊजींनी यंदा स्वतःच मोटारीचे तास भिंतीवर कोळशानं लिहायला सुरुवात केली आहे.